कर्नल अपडेटनंतर उबुंटू सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून पाहा

उबुंटू किंवा लिनक्स मिंट असलेलं मशीन अपडेट झाल्यावर पुन्हा उठतच नाही, ही तक्रार मराठवाड्यात वारंवार येते. सेवा केंद्रातला कॉम्प्युटर असो, शाळेच्या लॅबमधला असो की मोंढ्यातल्या आडतीवरचा, दुरुस्तीला नेला की उत्तर बहुधा ठरलेलं असतं: फॉरमॅट मारावा लागेल. मारू नका. कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा; त्याचं अपडेट तुमच्या फाइलींना हात लावत नाही आणि आधीचा चालता कर्नलही लगेच काढून टाकत नाही. डेटा जागेवर असतो. बहुतेक वेळा कर्नल बसवण्याचं काम मध्येच थांबलेलं असतं, आणि ते थांबायचं कारण गेलेली लाईट नाहीतर भरलेली डिस्क. राहिलेलं काम पुरं केलं की मशीन उठतं.

खालचं सगळं उबुंटू २२.०४, २४.०४ आणि त्यांच्यावर बेतलेल्या मिंटला लागू आहे. तालुक्याच्या गावातून खेड्यातल्या माणसाला फोनवर सांगता यावं म्हणून आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत टाइप करायच्या. डीएफ, एलएस, एमव्ही असे शब्द म्हणजे तीच अक्षरं. एक आडवी रेघ म्हणजे एक डॅश, दोन रेघा म्हणजे दोन डॅश, आणि मधली मोकळी जागा जशी दाखवली आहे तशीच सोडायची. छोटी-मोठी लिपी वेगळी मानली जाते, म्हणून सांगितलेलं नसेल तिथे सगळं छोट्या लिपीत.

अपडेटच्या वेळी आत काय चालतं

कर्नल अपडेट म्हणजे एक फाइल बदलणं नव्हे. आधी पॅकेज उतरतं. मग 'व्हीएमलिनुझ' नावाची कर्नलची मूळ फाइल बूट फोल्डरमध्ये आणि ड्रायव्हरची मॉड्यूल्स लिब फोल्डरमध्ये उलगडली जातात. एनव्हिडियाचं ग्राफिक कार्ड किंवा ब्रॉडकॉमचं वायफाय असेल तर त्याचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी बहुधा त्याच मशीनवर नव्याने बांधला जातो. हे काम डीकेएमएस नावाचा प्रोग्राम करतो. त्यानंतर 'इनिटआरडी' ही फाइल तयार होते. सुरू होताना कर्नलला डिस्क ओळखता यावी आणि रूट विभाग, म्हणजे सिस्टिम जिथे बसवलेली आहे तो डिस्कचा भाग, उघडता यावा म्हणून लागणारी शिदोरी या फाइलीत असते. सगळ्यात शेवटी ग्रबची, म्हणजे मशीन चालू होताना कर्नल निवडून सुरू करणाऱ्या प्रोग्रामची, यादी नव्याने लिहिली जाते.

जुन्या हार्ड डिस्कवर ड्रायव्हर बांधायला आणि इनिटआरडी बनवायला काही मिनिटं जातात. मधल्या वेळात टर्मिनलवर एकच ओळ थांबलेली दिसते. माणसाला वाटतं मशीन हँग झालं, आणि बोर्डाचं बटण बंद होतं. किंवा वळवाच्या वाऱ्यात तार तुटते, डीपी जळते. उबुंटू सुरक्षेची अपडेट्स मागच्या मागे आपोआप बसवतं आणि त्यांत कर्नलही असतो. म्हणून 'आम्ही अपडेट केलंच नाही' असं म्हणणाऱ्याच्या मशीनवरही हे घडतं.

एक गैरसमज दूर करायला हवा. मोबाइलचं नेट मध्येच तुटलं म्हणून कर्नल बिघडला, असं बरेच जण सांगतात. तसं होत नाही. ॲप्ट, म्हणजे पॅकेज उतरवून बसवणारा प्रोग्राम, प्रत्येक पॅकेज पूर्ण उतरलं का आणि त्याची खूण जुळते का हे तपासल्याशिवाय ते उलगडतच नाही. नेट तुटलं तर अपडेट होत नाही, इतकंच. धोका आहे तो उतरवून झाल्यानंतरच्या मिनिटांत.

पहिली परीक्षा: जुना कर्नल

बाकी काही करण्याआधी हे एक करा, कारण पुढची दिशा यावरच ठरते.

मशीन चालू करताना ग्रबचा मेन्यू आणायचा. जुन्या बायोसच्या (मशीन चालू होताच आधी चालणाऱ्या, मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या) मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं. यूईएफआय (त्याचाच नवा प्रकार) असलेल्या मशीनवर कंपनीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदा दाबायचं. एस्केप जास्त वेळा दाबलं गेलं तर मेन्यूऐवजी 'ग्रब' असं लिहिलेली काळी ओळ येते. घाबरू नका, तिथे 'नॉर्मल' टाइप करून एंटर आणि लगेच पुन्हा एकदा एस्केप. मागची सुरुवात फसली असेल तर उबुंटू पुढच्या वेळी आपणहून ३० सेकंद मेन्यू दाखवतं. वायरलेस कीबोर्डवर अवलंबून राहू नका. तारेचा कीबोर्ड घ्या आणि तो कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा, पुढचे पोर्ट या टप्प्यावर पुष्कळदा चालत नाहीत.

मेन्यूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' ही दुसरी ओळ. आत गेलं की कर्नलचे आकडे दिसतात: समजा ६.८.०-५० आणि ६.८.०-४९. प्रत्येकाच्या दोन ओळी असतात, एक साधी आणि एक 'रिकव्हरी मोड'ची. लहान आकड्याची साधी ओळ निवडा.

जुना कर्नल नीट सुरू झाला तर प्रश्न नव्या कर्नलच्या बसवणुकीचाच आहे आणि तो इथूनच, डेस्कटॉपवर बसून सुटतो. मशीनवर तातडीचं काम अडलं असेल तर ते आधी उरकून घ्या, जुन्या कर्नलवर दिवसभर काम केलं तरी काही बिघडत नाही. आणि जुना कर्नलही त्याच जागी अडकत असेल तर अपडेटला दोष देणं सोडा. डिस्क, डिस्कची केबल, सीमॉसचा सेल (मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल), बायोसची सेटिंग यांकडे वळा. लिनक्सची मशीन्स महिनोन्महिने बंद न करता चालतात, अपडेटनंतर रीस्टार्ट होतात आणि आधीपासून दडलेला बिघाड त्याच दिवशी समोर येतो. म्हणून आळ अपडेटवर जातो.

'कर्नल पॅनिक' आणि 'अनेबल टू माउंट रूट एफएस'

सगळ्यात जास्त दिसणारा आणि सगळ्यात जास्त घाबरवणारा संदेश हाच. शेवटी 'अननोन ब्लॉक' आणि कंसात ०,० असतं. त्याचा अर्थ डिस्क गेली असा नाही. अर्थ एवढाच, की कर्नल चालू झाला पण त्याच्यासोबत इनिटआरडी आली नाही, त्यामुळे त्याला रूट विभाग सापडला नाही.

हे दोन वाटांनी होतं. एक: कर्नलची मूळ फाइल बसली, इनिटआरडी बनायच्या आत लाईट गेली, आणि नंतर दुसऱ्याच कुठल्या पॅकेजच्या निमित्ताने ग्रबची यादी लिहिली गेली. यादी बनवणाऱ्याला नवा कर्नल दिसला म्हणून त्याने तो वर टाकला, पण इनिटआरडी नव्हतीच, म्हणून त्या नोंदीत तिची ओळ आली नाही. दोन: बूट विभाग वेगळा आणि लहान आहे, तो भरला, इनिटआरडीला जागाच उरली नाही. पूर्ण डिस्क एन्क्रिप्ट करून किंवा एलव्हीएम (डिस्कचे विभाग नंतर लहान-मोठे करता येण्याची सोय) निवडून उबुंटू टाकलेलं असेल तर बूट वेगळा असण्याची शक्यता जास्त. जुन्या आवृत्त्यांपासून वर वर अपग्रेड होत आलेल्या मशीनवर तो ५०० ते ७०० एमबीचाच असतो, आणि आजची एक इनिटआरडी सहज ७० ते १५० एमबी खाते. तीन-चार कर्नल साठले की संपलं.

जुन्या कर्नलने मशीन चालू करा, टर्मिनल उघडा आणि आधी जागा बघा:

डीएफ -एच /बूट

यात वापर ९० टक्क्यांच्या वर असेल तर मूळ दुखणं जागेचं. मग फाइली बघा:

एलएस -एलएच /बूट

प्रत्येक आकड्याची एक व्हीएमलिनुझ आणि एक इनिटआरडी, अशी जोडी हवी. नव्या आकड्याची इनिटआरडी नसेल, शून्य आकाराची असेल किंवा जुनीच्या मानाने फारच लहान असेल तर निदान झालं. आकार थोडा कमी-जास्त असणं ठीक आहे; जुनी ८० एमबीची आणि नवी ११ एमबीची, हे ठीक नाही.

आता आपण कोणत्या कर्नलवर चालतोय ते कागदावर लिहून ठेवा:

युनेम -आर

हा आकडा पुढे कुठेही पुसायचा नाही.

जागा असेल तर राहिलेलं काम पुरं करा, याच क्रमाने ('सुडो' म्हणजे ती आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवणं):

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो अपडेट-इनिटरामएफएस -सी -के ६.८.०-५०-जेनेरिक
सुडो अपडेट-ग्रब

तिसऱ्या ओळीतल्या नावाची अक्षरं आय, एन, आय, टी, आर, ए, एम, एफ, एस अशी. आकडा तुमच्या मशीनवरचा, आणि इंग्रजी अंकांतच. पहिल्या आज्ञेतच बरंचसं काम होतं, कारण मध्येच सोडलेलं प्रत्येक पॅकेज ती पुढे नेते. तिसरी आज्ञा 'फाइल आधीच आहे' असं म्हणाली तर '-सी' काढून '-यू' द्या. शेवटच्या आज्ञेनंतर स्क्रीनवर येणाऱ्या ओळी वाचा: नव्या आकड्याखाली 'फाउंड इनिटआरडी इमेज' ही ओळ दिसलीच पाहिजे. ती नसेल तर रीस्टार्ट करू नका, पुन्हा तिथेच अडकाल.

जागा नसेल तेव्हा खरी कोंडी होते. ॲप्टला जुने कर्नल काढायला सांगावं तर ते म्हणतं आधी अर्धवट पॅकेज पुरं करा, आणि ते पुरं करायला जागा नाही. यातून निघायची वाट अशी: सगळ्यात जुन्या कर्नलची इनिटआरडी तात्पुरती घरच्या फोल्डरमध्ये हलवायची. पुसायची नाही, हलवायची. आणि युनेमने दाखवलेल्या आकड्याची तर मुळीच नाही.

सुडो एमव्ही /बूट/इनिटआरडी.आयएमजी-जुना-आकडा /होम/तुमचं-नाव/

जागा झाली की वरच्या पहिल्या दोन आज्ञा, आणि लगेच:

सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह --पर्ज

यात काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी येते. 'वाय' दाबण्याआधी ती वाचा. चालू कर्नलचा आकडा त्यात येत नाही, तरी नजर टाकलेली बरी. ऑटोरिमूव्हने जुने कर्नल सोडूनच दिले तर ते कोणीतरी हाताने बसवलेले असतात. त्यांना नावाने काढावं लागतं: 'लिनक्स-इमेज', 'लिनक्स-मॉड्यूल्स', 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' आणि 'लिनक्स-हेडर्स', चौघांच्या पुढे तोच आकडा. मिंटवाल्यांना हे सोपं आहे. अपडेट मॅनेजरच्या 'व्ह्यू' मेन्यूत 'लिनक्स कर्नल्स' आहे, तिथे बटण दाबून एकेक काढता येतो. बूट फोल्डरमधल्या फाइली 'आरएम'ने थेट पुसणं मात्र टाळा. पॅकेजच्या नोंदीत कर्नल आहे आणि जागेवर नाही, असा घोळ होऊन बसतो आणि पुढचं प्रत्येक अपडेट अडखळतं.

बूट विभाग लहानच आहे आणि वाढवता येण्यासारखा नाही, तर 'इनिटरामएफएस.कॉन्फ' या फाइलीत 'कॉम्प्रेस' या ओळीपुढे 'झेडएसटीडी' आहे तिथे 'एक्सझेड' करा. फाइल बरीच लहान होते, बनायला आणि सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. त्याच फाइलीत 'मॉड्यूल्स' ही ओळ 'मोस्ट'ऐवजी 'डेप' केली तर आणखी लहान होते, कारण त्याच मशीनला लागणारे ड्रायव्हर तेवढे उरतात. पण मदरबोर्ड जळाला म्हणून ती डिस्क दुसऱ्या कॅबिनेटला लावली तर ती सुरू होईल याची खात्री उरत नाही. व्होल्टेजच्या झटक्याने बोर्ड जाणं आपल्याकडे नवलाचं नाही, म्हणून 'डेप' टाळलेलं चांगलं.

स्क्रीनवर कंसात 'इनिटरामएफएस' आणि पुढे लुकलुकणारी रेघ

इथे कर्नलही आला, इनिटआरडीही आली, पण रूट विभाग उघडला नाही. वरच्या ओळी वाचा, फरक तिथे आहे.

'रन एफएससीके मॅन्युअली' असं असेल तर लाईट गेल्याने फाइल सिस्टिममध्ये गडबड झाली आहे. संदेशातच विभागाचं नाव असतं, उदाहरणार्थ डेव्ह एसडीए२. तिथेच लिहा:

एफएससीके -वाय /डेव्ह/एसडीए२

संपलं की 'एक्झिट'. बहुतेक मशीन्स एवढ्यावर उठतात. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल किंवा 'आय-ओ एरर' अशा ओळी येत असतील तर ही आज्ञा देऊ नका. मरणाऱ्या डिस्कवर दुरुस्तीचं लिखाण म्हणजे उरलेला डेटाही पणाला लावणं. आधी लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कशिवाय ज्यावरूनच उबुंटू चालतं तो; कृती शेवटाकडे आहे) फाइली काढून घ्या.

'यूयूआयडी डज नॉट एग्झिस्ट' असं असेल तर डिस्कच दिसत नाही. तिथे 'बीएलकेआयडी' टाइप करा. डिस्कची एकही ओळ आली नाही तर मशीन बंद करून साटा केबल (डिस्कला बोर्डाशी जोडणारी) दोन्ही टोकांना काढून पुन्हा घट्ट बसवा. धूळ आणि उन्हाळ्यातला ताप यांनी जुन्या केबली सैल होतात. तरीही नाही दिसली तर बायोसमध्ये जा आणि साटाचा मोड बघा. उबुंटू टाकलं तेव्हा एएचसीआय असेल आणि आता आयडीई किंवा रेड दिसत असेल, तर दोषी सीमॉसचा सेल.

या सेलकडे सगळे दुर्लक्ष करतात. सीआर २०३२, ३ व्होल्टचा, मदरबोर्डवर नाण्यासारखा दिसतो. बोर्डाचं बटण रोज बंद होणाऱ्या मशीनमध्ये आणि लांबलेल्या लाईट कटमध्ये घड्याळ याच सेलवर चालतं, त्यामुळे तो लवकर उतरतो. उतरला की तारीख मागे जाते आणि बायोस मूळ सेटिंगवर येतं. साटा मोड, बूटचा क्रम, सिक्युअर बूट, सगळं बदलतं. ओळखायची खूण सोपी: तारीख चुकलेली, ब्राउझर प्रत्येक साइटला असुरक्षित म्हणतो आणि ॲप्ट सांगतं की रिलीज फाइल 'अजून वैध नाही'. मल्टिमीटरवर २.७ व्होल्टच्या खाली दिसला तर बदला.

काळी स्क्रीन, किंवा पासवर्ड टाकून पुन्हा पासवर्डचीच स्क्रीन

हे ग्राफिक ड्रायव्हरचं. ग्रबच्या मेन्यूत नव्या कर्नलच्या ओळीवर 'ई' दाबा. 'लिनक्स' शब्दाने सुरू होणारी लांब ओळ शोधा. तिच्या शेवटी 'क्वाएट स्प्लॅश' असतं ते काढा, तिथे 'नोमोडसेट' लिहा आणि एफ१० दाबा. हा बदल एका वेळेपुरताच असतो. आता डेस्कटॉप आला, भले जाड-जाड दिसो, तर बिघाड ड्रायव्हरचाच. नाही आला तरी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून अक्षरांची स्क्रीन मिळते. लॉगिन करून बघा:

डीकेएमएस स्टेटस

यात नव्या कर्नलच्या आकड्यापुढे 'इन्स्टॉल्ड' नसेल तर ड्रायव्हर बांधला गेलेला नाही. सर्वांत साधं कारण म्हणजे हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या कर्नलच्या फाइली, नसणं. नव्या आकड्याचं लिनक्स-हेडर्स पॅकेज बसवा आणि 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' द्या. ही आज्ञा चालू कर्नलसाठी बांधते, म्हणून ती नव्या कर्नलवर असतानाच द्यायची.

जुन्या कार्डांची गोष्ट वेगळी. जुन्या बाजारातून घेतलेल्या मशीनमध्ये जीटी ७१० सारखी केप्लर पिढीची कार्डं असतात, त्यांना ४७० मालिकेचा ड्रायव्हर लागतो. त्याहून जुन्या फर्मी पिढीला ३९०, आणि त्या मालिकेचा आधार एनव्हिडियाने २०२२ च्या अखेरीस संपवला. जीटी ७३० दोन्ही पिढ्यांत निघालेलं आहे, त्यामुळे नावावर जाऊ नका. 'उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस' ही आज्ञा योग्य मालिका सांगते. मोठी उडी असलेला कर्नल आला, म्हणजे ५.१५ वरून थेट ६.८, की असे ड्रायव्हर बांधताना अडतात. दाखले काढणं, टायपिंग, हिशेब एवढंच काम असेल तर एनव्हिडियाचा ड्रायव्हर काढून टाका आणि कर्नलमधला नूव्हो हा ड्रायव्हर चालू द्या. पुढची अनेक वर्षं ही कटकट संपते:

सुडो ॲप्ट पर्ज '^एनव्हिडिया-.*'

अवतरणचिन्हं, टोपी, टिंब आणि तारा तसेच टाइप करायचे, आणि 'वाय' दाबण्याआधी यादी वाचायची.

मशीन सुरू होतं पण वायफाय किंवा आवाज गेला, तर लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा बसायचं राहिलं आहे. मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं, आणि ते पॅकेज घ्या.

सिक्युअर बूट

सिक्युअर बूट म्हणजे सही असलेलाच कर्नल आणि ड्रायव्हर चालू देणारी यूईएफआयची सोय. 'बॅड शिम सिग्नेचर' असा संदेश आला तर त्या कर्नलवर उबुंटूची सही नाही. बहुधा कोणीतरी बाहेरून कर्नल आणून बसवला आहे. अधिकृत कर्नलवर परत या. 'की वॉज रिजेक्टेड' हा संदेश ड्रायव्हरबद्दल असतो. ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड विचारला जातो आणि रीस्टार्टला निळी स्क्रीन येते, तिथे 'एन्रोल मॉक' (किल्ली नोंदवा) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. लोक 'कंटिन्यू बूट' दाबून पुढे जातात आणि किल्ली नोंदवायची राहते. परत नोंदवण्यासाठी:

सुडो मॉकयुटिल --इम्पोर्ट /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मॉक/मॉक.डीईआर

यात शेवटचं फाइलीचं नाव, 'मॉक', मोठ्या लिपीत आहे, 'डीईआर' छोट्या.

दीड मिनिट थांबून 'इमर्जन्सी मोड'

कर्नलचा संबंध नाही. एफस्टॅब फाइलीत (सुरू होताना कोणते विभाग जोडायचे त्याची यादी) एखाद्या जुन्या डिस्कची किंवा काढून नेलेल्या विभागाची नोंद उरली आहे, आणि मशीन ९० सेकंद तिची वाट बघतं. रूटचा (इथे प्रशासकाचा) पासवर्ड विचारला आणि तो ठेवलेलाच नसेल तर ग्रबमधून रिकव्हरी मोड, मग 'रूट'. तिथे डिस्क फक्त वाचता येते, म्हणून आधी:

माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /

मग नॅनो या टर्मिनलमधल्या एडिटरने एफस्टॅब उघडा, त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाका. डिस्क कधी असते कधी नसते अशी असेल तर तिच्या पर्यायांत 'नोफेल' जोडा.

एकही कर्नल उठत नाही तेव्हा

८ जीबीचा पेनड्राइव्ह आणि दुसरं एखादं चालू मशीन लागेल. त्याच आवृत्तीच्या उबुंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून सुरू करा आणि 'ट्राय उबुंटू' घ्या. 'इन्स्टॉल'ला हात लावू नका. फाइल मॅनेजरमध्ये आतली डिस्क उघडते का ते बघा आणि उघडली तर आधी कामाचे फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे झालं की मन शांत ठेवून पुढचं करता येतं.

'एलएसबीएलके -एफ' ने विभाग ओळखा. ईएक्सटी४ असलेला मोठा विभाग म्हणजे रूट, एफएटी३२ असलेला लहान विभाग म्हणजे ईएफआय. समजा रूट एसडीए२ आणि ईएफआय एसडीए१:

सुडो माउंट /डेव्ह/एसडीए२ /एमएनटी
सुडो माउंट /डेव्ह/एसडीए१ /एमएनटी/बूट/ईएफआय

बूट विभाग वेगळा असेल तर तो या दोन ओळींच्या मध्ये, एमएनटी-बूटवर. हा क्रम चुकला की इनिटआरडी भलत्याच जागी बनते, सगळं ठीक झाल्यासारखं दिसतं आणि रीस्टार्टला तोच पॅनिक येतो. मग डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन, चौघांसाठी एकेक ओळ:

सुडो माउंट --बाइंड /डेव्ह /एमएनटी/डेव्ह

अशाच बाकी तीन, आणि शेवटी 'सुडो सीएचरूट /एमएनटी'. आता तुम्ही आतल्या सिस्टिममध्ये आहात. वरच्या चार दुरुस्तीच्या आज्ञा सुडोशिवाय द्या. इनिटआरडीसाठी इथे '-यू -के ऑल' दिलं की आधीपासून इनिटआरडी असलेल्या सगळ्या कर्नलच्या नव्याने बनतात, पण जिची नाहीच तिच्यासाठी '-सी' आणि आकडा लागतोच. 'एक्झिट', रीस्टार्ट, पेनड्राइव्ह काढा.

मशीन उठल्यावर डिस्कची तब्येत बघून घ्या. स्मार्टमॉनटूल्स बसवून:

सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए

'रीॲलोकेटेड' आणि 'करंट पेंडिंग' या दोन ओळींचा शेवटचा आकडा शून्य हवा. पेंडिंग शून्याच्या वर असेल तर नवी एसएसडी घ्यायची वेळ झाली.

पुन्हा होऊ नये म्हणून

कर्नल अपडेट हाताने, वेळ बघून करा. शेतीच्या फीडरच्या पाळ्या बदलत असताना किंवा आभाळ भरून आलेलं असताना नको. ६०० व्हीएचा यूपीएस साध्या डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो आणि त्यात अपडेट पुरं होतं. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत बसते, म्हणून अधूनमधून प्लग काढून तपासा. इन्व्हर्टरवर मशीन चालवत असाल तर त्याच्या मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का ते बघा. साध्या मोडमध्ये लाईट जाताना इन्व्हर्टर किंचित उशिरा उचलतो आणि कॉम्प्युटर तेवढ्यात बंद होतो. उलट जिथे व्होल्टेज १८० च्या खाली जातं तिथे यूपीएस मोड सतत बॅटरीवर जाऊन ती रिकामी करतो. अशा गावात कॉम्प्युटरपुरता वेगळा यूपीएसच बरा.

ग्रबचा मेन्यू कायम दिसू द्या. 'ईटीसी-डीफॉल्ट-ग्रब' या फाइलीत 'टाइमआउट स्टाइल' हिडन आहे ते 'मेन्यू' करा, 'टाइमआउट' ५ करा आणि अपडेट-ग्रब द्या. अडचणीच्या वेळी शिफ्ट की एस्केप हे आठवत बसावं लागत नाही, आणि फोनवरून मदत करणाऱ्याचं अर्धं काम वाचतं.

जूनमध्ये दाखल्यांची गर्दी असते, त्यामागोमाग पीक विम्याची मुदत. त्या दिवसांत केंद्रातल्या मशीनचा कर्नल धरून ठेवा:

सुडो ॲप्ट-मार्क होल्ड लिनक्स-जेनेरिक लिनक्स-इमेज-जेनेरिक लिनक्स-हेडर्स-जेनेरिक

डेस्कटॉपवर या नावांपुढे बहुधा 'एचडब्ल्यूई' आणि आवृत्ती (जसं 'एचडब्ल्यूई-२२.०४') लागते; 'डीपीकेजी -एल' च्या यादीत बघून तेच नाव द्या, नाहीतर होल्ड लागत नाही. धरून ठेवलेला कर्नल सुरक्षेची दुरुस्ती घेत नाही, म्हणून मुदत संपली त्याच आठवड्यात 'होल्ड'च्या जागी 'अनहोल्ड' देऊन अपडेट करा, मशीन तुमच्या समोर रीस्टार्ट करा आणि 'युनेम -आर' मध्ये नवा आकडा आला की मगच 'ऑटोरिमूव्ह' द्या.